विंडोज टाकताना ब्लू स्क्रीन येतेय? फॉरमॅट मारायच्या आधी इथे दाखवा (डोंबिवली पूर्व)

चार स्टार देतेय, आणि लॅपटॉप रिपेअरवाल्यांना मी आजवर दोनच्या वर कधी गेलेली नाही, त्यामुळे हे चार म्हणजे बरेच समजा. रिव्ह्यू लांब होणारे. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचा, विंडोज टाकताना किंवा टाकल्यावर निळी स्क्रीन येत असेल आणि तुमच्या नेहमीच्या माणसाने स्क्रीनकडे न बघताच "फॉरमॅट मारावं लागेल" सांगितलं असेल, तर त्याला हो म्हणायच्या आधी इथे दाखवा. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

मी घरून अकाउंट्सची कामं करते, काही दुकानं, एक क्लिनिक, एक केटरर, सगळ्यांचं टॅली आणि जीएसटी माझ्याच लॅपटॉपवर. लॅपटॉप अकराव्या जनरेशनच्या इंटेलचा, आतली एसएसडी (म्हणजे विंडोज आणि डेटा जिच्यावर असतो ती डिस्क) भरत आली म्हणून एक टीबीची नवीन घेतली, जुनी काढून ती बसवली, दिराने मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून रीतसर पेनड्राइव्ह बनवून दिला, आणि विंडोज कुठे टाकायचं असं विचारते ना ती स्क्रीन, तिथे डिस्कच नाही. यादी रिकामी आणि खाली नुसतं "लोड ड्रायव्हर" (ड्रायव्हर म्हणजे विंडोजला एखादा पार्ट ओळखून वापरता यावा म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर). मग स्टेशनजवळच्या एका दुकानात नेला (नाव घेत नाही, त्यांचं त्यांना लखलाभ), त्यांनी बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणारं लॅपटॉपचं स्वतःचं सॉफ्टवेअर) जाऊन काहीतरी केलं, विंडोज टाकून दिलं, आठशे रुपये घेतले. काय केलं विचारलं तर "सेटिंग होती मॅडम". बरं. चालत होतं तोवर छान चालत होतं. मग एक दिवस अपडेट आलं, त्यात लॅपटॉपच्या बायोसचंही अपडेट होतं, रिस्टार्ट झाला आणि निळी स्क्रीन, रडका चेहरा, खाली स्टॉप कोड, इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. परत चालू केला, परत तेच. आणि महिन्याची वीस तारीख तोंडावर, ज्यांना जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायचं असतं त्यांना कळेल माझ्या पोटात काय झालं असेल.

स्टेशनजवळच्याच माणसाकडे परत गेले तर त्याने लॅपटॉप चालू करून एकदा बघितलं आणि म्हणाला एसएसडी गेली, नवीन घ्या, आतला डेटा काढायचा तर त्याचे वेगळे पैसे आणि गॅरंटी नाही. डेटाचा बॅकअप माझा असतो, पेनड्राइव्हवर पण आणि ऑनलाइन ड्राइव्हवर पण, प्रश्न तो नव्हता, प्रश्न असा की नवी कोरी एसएसडी अशी एका रिस्टार्टमध्ये कशी जाईल. शेजारच्या वहिनींनी या दुकानाचं सांगितलं, त्यांच्या मुलाचा कॉम्प्युटर इथेच असतो म्हणे.

दुकान फडके रोडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद आहे आणि लिफ्ट नाही, डेस्कटॉप न्यायचा असेल तर बरोबर कुणाला तरी घ्या. आत दोन टेबलं, एका बाजूला उघडे पडलेले सीपीयू, काउंटरवर काका आणि आतल्या टेबलावर पॉलिटेक्निक झालेली एक मुलगी, आणि खरं सांगायचं तर अर्ध्याहून जास्त काम तीच करते. तिला पण स्टार.

मला पहिला प्रश्न काय विचारला असेल तर "स्क्रीनचा फोटो काढलाय का?" मी काढला होता. काकांनी फोटो मोठा करून बघितला, मग लॅपटॉपची जनरेशन विचारली, मग "विंडोज कुणी टाकलं, तेव्हा डिस्क दिसत नव्हती का?" आता हे मी सांगितलंच नव्हतं! म्हटलं हो, तुम्हाला कसं कळलं, तर हसले आणि मुलीला म्हणाले, "पोरी, व्हीएमडी बघ गं."

मी एसएसडीचं विचारलं, की ती गेलीय असं सांगितलंय मला. त्यावर त्यांचं उत्तर इथे लिहूनच ठेवते कारण हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर रात्रभर झोप लागली असती. ते म्हणाले, "ताई, एसएसडी मेली असती तर ही निळी स्क्रीन तरी कुठून आली असती? ती दाखवणारं विंडोज त्याच एसएसडीवर आहे ना." म्हणजे असं की सुरुवातीला लॅपटॉपचा बायोस स्वतःच्या ताकदीवर डिस्क वाचतो आणि विंडोजचा गाभा मेमरीत आणून ठेवतो, तिथपर्यंत सगळं नीट चालतं, मग विंडोज म्हणतं की आता मी बघतो आणि स्वतःचा ड्रायव्हर वापरून तीच डिस्क उघडायला जातं, आणि तो ड्रायव्हरच जवळ नसेल तर समोर डिस्क असून दिसत नाही. मग ते बंद पडतं आणि हा कोड देतं. मेलेली डिस्क असती तर बहुतेक "बूट डिव्हाइस सापडलं नाही" असं काळ्या स्क्रीनवर बायोसनेच सांगितलं असतं, विंडोजपर्यंत गाडी आलीच नसती.

आता व्हीएमडी म्हणजे काय, तर अकराव्या जनरेशनपासून पुढच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये ही एक सोय कंपनीकडूनच चालू करून दिलेली असते. एसएसडी थेट न दिसता इंटेलच्या एका कंट्रोलरच्या मागे दिसते. दोन-तीन एसएसडी एकत्र जोडून रेड वगैरे करायची असेल त्यांना उपयोगाची, माझ्यासारख्या एका एसएसडीवालीला काडीचा उपयोग नाही. पण ती चालू असली की विंडोजला इंटेलचा आरएसटी नावाचा ड्रायव्हर लागतो, आणि मायक्रोसॉफ्टच्या साध्या पेनड्राइव्हमध्ये तो नसतो म्हणून इन्स्टॉल करताना डिस्कची यादी रिकामी. कंपनीने दिलेल्या विंडोजमध्ये तो आधीच घातलेला असतो म्हणून नवीन लॅपटॉप घेतल्यावर हे कधी कळतच नाही, पहिल्यांदा स्वतः विंडोज टाकायला गेलं की मग आपटी.

स्टेशनजवळच्याने काय केलं होतं, तर व्हीएमडी बंद केलं, डिस्क दिसली, विंडोज टाकलं. त्यात चूक काही नाही असं काकाच म्हणाले, एका एसएसडीला तो सोपा रस्ता आहे. चूक ही की सांगितलं नाही. नंतर बायोसचं अपडेट आलं, अपडेटने बायोसची सेटिंग्ज फॅक्टरीसारखी केली, व्हीएमडी परत चालू झालं, आणि आतल्या विंडोजकडे तो ड्रायव्हर कधी नव्हताच. मी विचारलं की मग विंडोजच्या आत जाऊन ड्रायव्हर टाकता येणार नाही का, तर म्हणाले आत जायलाच तर तो ड्रायव्हर लागतोय, कपाटाची किल्ली कपाटात राहिल्यासारखं झालंय.

मुलीने बायोस उघडला, व्हीएमडीची ओळ शोधली (प्रत्येक कंपनी वेगळ्या ठिकाणी लपवते, काही लॅपटॉपमध्ये तर कंट्रोल आणि एस दाबल्याशिवाय ती ओळ दिसतच नाही म्हणे), बंद केलं, सेव्ह केलं. रिस्टार्ट. आणि विंडोजच्या ऐवजी आणखी एक स्क्रीन, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की द्या म्हणून! माझा जीव परत वर. पण हे अपेक्षितच होतं म्हणाली ती, बायोसमध्ये अशी काही मोठी गोष्ट बदलली की बिटलॉकरला संशय येतो आणि तो ४८ आकडी की मागतो. माझ्या होम एडिशनमध्ये बिटलॉकर आहे हेच मला माहीत नव्हतं, तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच नवीन लॅपटॉपमध्ये डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि की त्या अकाउंटवर जाऊन बसते. मोबाइलवरून अकाउंट उघडलं, डिव्हाइसच्या खाली की होती, तिने वाचून घातली, विंडोज आलं. टॅली आलं. सगळं जिथल्या तिथे.

मग काकांनी दोन पर्याय दिले, आणि ही गोष्ट मला सगळ्यात आवडली. एक, व्हीएमडी बंदच ठेवायचं, फक्त पुढच्या वेळी बायोस अपडेट झालं की आठवणीने बघायचं. दोन, आता विंडोज चालू आहे तोवर इंटेलचा ड्रायव्हर आत टाकून घ्यायचा, पुढचं बूट सेफ मोडमध्ये (म्हणजे अगदी जरुरीपुरतं विंडोज) होईल अशी कमांड द्यायची, बायोसमध्ये व्हीएमडी चालू करायचं, सेफ मोडमध्ये विंडोज नवीन कंट्रोलर ओळखतं, मग सेफ मोडची कमांड मागे घ्यायची. म्हणजे परत कधी सेटिंग मूळपदावर गेलं तरी विंडोज उठेल. दुसऱ्याला वेळ लागतो आणि त्याचे वेगळे पैसे होते, आणि त्यांनी स्वतःच सांगितलं की तुम्हाला गरज नाही. मी पहिलाच घेतला. मुलीने लॅपटॉपच्या खाली छोटं स्टिकर लावून दिलं, "बायोस अपडेट झाल्यास व्हीएमडी ऑफ करणे", सुवाच्य मराठीत. बिल तीनशे रुपये. नव्या एसएसडीचे पैसे वाचले ते वेगळेच.

ज्यांना घरीच करायचंय त्यांच्यासाठी, कारण हे पण मी तिथे विचारून घेतलं. डिस्क दिसत नसेल तर व्हीएमडी बंद करायचीच सक्ती नाही. लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पेजवर तुमच्या मॉडेलचा आरएसटी ड्रायव्हर असतो, तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवायचा, नुसती सेटअपची ईएक्सई पेनड्राइव्हवर टाकून चालत नाही, ती सोडवून आतल्या आयएनएफ आणि सिस फाइल्स असलेलं फोल्डर हवं, ते विंडोजच्याच पेनड्राइव्हवर कॉपी करायचं आणि त्या रिकाम्या यादीच्या स्क्रीनवर "लोड ड्रायव्हर" करून दाखवायचं. डिस्क दिसायला लागते. दिराला हे सांगितल्यावर तो म्हणाला एवढंच होतं होय. हो, एवढंच होतं.

दुसऱ्यांदा गेले ते भावाच्या डेस्कटॉपसाठी, आणि ही केस जास्त मजेशीर कारण इथे ड्रायव्हरचा काही संबंधच निघाला नाही. असेंबल केलेला पीसी, त्याने मागाहून रॅमची एक कांडी वाढवली, मग विंडोज नीट चालेना म्हणून नव्याने टाकायला घेतलं, तर इन्स्टॉल होतानाच मध्येच निळी स्क्रीन. कधी फाइल्स कॉपी होताना, कधी शेवटच्या रिस्टार्टनंतर. आणि दर वेळी कोड वेगळा, एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. भावाने नेटवर वाचून आयआरक्यूएल म्हणजे ड्रायव्हर असं पक्कं ठरवलेलं आणि ग्राफिक कार्डचे ड्रायव्हर वेगवेगळे उतरवून बसला होता, आता विंडोजच पूर्ण झालं नाही तर ते टाकणार कुठे हे त्यालाच माहीत.

काकांनी सगळे फोटो ओळीने मांडून दाखवले. एकाच जागी, दर वेळी एकच कोड आला की ड्रायव्हर किंवा सेटिंगवर संशय घ्यायचा. कोड दर वेळी बदलत असेल आणि जागाही बदलत असेल तर आधी रॅम तपासायची, कारण रॅमच चुकीचं वाचून देत असेल तर बिचारा कुठलाही ड्रायव्हर पडतो आणि नाव त्याचं येतं. मुलीकडे एक व्हेंटॉयचा पेनड्राइव्ह आहे, त्यात विंडोजच्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या मूळ फाइल्स), लिनक्स, रॅम तपासायचं मेमटेस्ट सगळं नुसतं कॉपी करून ठेवलंय आणि बूट करताना मेन्यूतून निवडायचं (हे मला माहीत नव्हतं, घरी येऊन मी पण बनवला, फुकट आहे आणि दर वेळी पेनड्राइव्ह नव्याने बनवायची कटकट संपते). मेमटेस्ट लावला आणि थोड्याच वेळात लाल ओळी. मग एकेक कांडी वेगळी करून लावली तर दोन्ही पास! भाऊ गोंधळला. एकत्र लावल्या की नापास. दोन वेगळ्या कंपन्यांच्या कांड्या आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू, म्हणजे रॅमला जास्तीच्या स्पीडवर पळवायचं सेटिंग, दोघींना मिळून तो स्पीड झेपत नव्हता. एक्सएमपी बंद केलं, ३२०० च्या जागी २६६६ वर चालायला लागली, रात्रभर मेमटेस्ट ठेवला, एक चूक नाही, दुसऱ्या दिवशी विंडोज एका दमात टाकलं. भावाला गेमिंगसाठी स्पीड हवाय म्हणून तो थोडा नाराज होता, त्याला काका म्हणाले सारख्या जोडीची रॅम घे, नाहीतर हेच वापर. विकायला त्यांच्या काउंटरवर रॅम होती, तरी आग्रह केला नाही.

त्या दिवशी थांबावं लागलं म्हणून आणखी एक गिऱ्हाईक बघायला मिळालं, एमआयडीसीतल्या कुठल्याशा कारखान्यातून एक दादा जुना सीपीयू घेऊन आलेले, एका मशीनला जोडलेला, त्याचं सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालतं आणि मशीनवाली कंपनी नवीन देत नाही. हार्ड डिस्क बदलली आणि आता एक्सपी टाकायला गेलं की सेटअप सुरू होतो आणि पडतो, त्यांचाही कोड सेव्हन-बी, म्हणजे माझाच इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस! वीस वर्षांनी तोच आजार. एक्सपी २००१ चं, त्यात साटा डिस्कच्या एएचसीआय पद्धतीचा ड्रायव्हर नाही, तेव्हा सेटअपच्या सुरुवातीला खाली एक ओळ यायची की एफ-सिक्स दाबा, आणि मग ड्रायव्हर द्यायचा तो फक्त फ्लॉपीवरून. पेनड्राइव्ह चालायचा नाही, तो व्हिस्टापासून चालायला लागला. काकांच्या ड्रॉवरमध्ये अजून फ्लॉप्या आहेत, बघितल्या मी डोळ्यांनी. पण त्यांनी फ्लॉपी न काढता बायोसमध्ये साटा मोड एएचसीआयवरून आयडीई (जुनी पद्धत, जी एक्सपीला येते) केला आणि सेटअप सरळ पुढे गेला. मग त्या दादांना बजावलं की याला इंटरनेटची वायर लावायची नाही, एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच बंद झालेत. आणि चालू मशीनवर हा मोड परत एएचसीआय करायचा नाही, केलात की परत निळं.

आता तक्रारी, कारण पाचवा स्टार उगाच नाही कापलेला.

काका बोलतात. फार बोलतात. काम चालू असताना १९९८ च्या कॉमडेक्स या कॉम्प्युटर प्रदर्शनाची गोष्ट ऐकावी लागते, बिल गेट्स स्टेजवर, विंडोज ९८ चं डेमो, स्कॅनर जोडला आणि सगळ्यांसमोर निळी स्क्रीन. पहिल्यांदा ऐकायला मजा आली. मग १९ जुलै २०२४ चं क्राउडस्ट्राइक, एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या एका चुकीच्या अपडेट फाइलमुळे जगभरात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन्स पडली, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, तेही ऐकलं, आणि त्यातला मुद्दा खरा आहे की सिक्युरिटीवाल्यांचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसलेला असतो म्हणून तो पडला की सगळंच पडतं. पण काका, माझं रिटर्न! भाऊ बरोबर होता तेव्हा त्याने मन लावून ऐकलं, त्यामुळे ज्याला आवड आहे त्याला हा प्लस पॉइंटही वाटेल.

फोन उचलत नाहीत. मेसेज टाका, संध्याकाळपर्यंत उत्तर येतं, तेही मुलीचं.

पावती हाताने लिहिलेली, जीएसटी नंबर नाही. वीस लाखांच्या खाली धंदा असेल तर नोंदणी लागत नाही हे मला माहितीय, माझं कामच ते आहे, पण ऑफिसचा लॅपटॉप दुरुस्त करून भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घ्यायचं असेल त्यांनी ही पावती घेऊन माझ्यासारखीकडे येऊ नये.

आणि क्रॅकवालं विंडोज टाकून देत नाहीत. माझ्यासमोर एका मुलाला परत पाठवला. त्याच्याकडे टेलिग्रामवरून उतरवलेलं कसलंतरी "लाइट" विंडोज होतं, आतले नको ते भाग काढून हलकं केलेलं, आणि ते टाकल्यावर लॅपटॉप पडत होता. काका म्हणाले कुणी त्यातून काय काढलंय आणि काय घातलंय याचा पत्ता नाही, मी काय शोधू, मायक्रोसॉफ्टवरून मूळ आयएसओ आण, मग पडलं तर बघतो. काहींना हा माणूस खडूस वाटेल, मुलाला तर वाटलाच. मला पटलं. फुकटात टाकून हवं असेल तर स्टेशनजवळ बरीच दुकानं आहेत.

विंडोज १० वरून ११ वर जाणाऱ्यांची तिथे सध्या गर्दी असते, १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला त्यामुळे. त्यातल्या बऱ्याच जणांचं अपग्रेड अर्ध्यातून मागे फिरतं आणि सी-वन-नाइन-झिरो-झिरो-वन-झिरो-वन असा लांबलचक एरर येतो. मुलीने सांगितलं की ही सुरुवात दिसली की बहुतेक वेळा कुठला तरी ड्रायव्हरच आडवा आलेला असतो. त्यावर दुकानात यायच्या आधी घरी करून बघण्यासारखं तिने जे सांगितलं ते असं की प्रिंटर, डॉंगल, बाहेरची हार्ड डिस्क, वेबकॅम सगळं काढा, कीबोर्ड-माऊस तेवढे ठेवा, बाहेरचा अँटिव्हायरस बंद नाही तर अनइन्स्टॉलच करा, डिस्कवर पुरेशी जागा करा आणि मग परत चालवा. माझ्या लाइनवाल्यांनी डिजिटल सिग्नेचरचा टोकनही काढून ठेवा, तो लावून ठेवायची सवय असते आपल्याला. एवढ्यावर झालं तर दुकानात यायची गरज नाही असं तीच म्हणते. धंदा कसा चालतो यांचा देव जाणे.

अजून एक. आता नवीन विंडोज ११ मध्ये २०२५ च्या अपडेटपासून ही स्क्रीन निळी राहिलेली नाही, काळी झालीय, रडका चेहरा आणि क्यूआर कोड काढलाय. त्यामुळे काळं दिसलं म्हणून डिस्प्ले गेला असं कुणी सांगितलं तर लगेच मानू नका, खाली स्टॉप कोड आहे का बघा, आणि ड्रायव्हरच्या फाइलचं नाव असेल तर ते पण तिथेच असतं, मागे पॉइंट सिस असं काहीतरी. स्क्रीन फार पटकन जात असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि नंतर थांबवून वाचा, माझ्या भावाने तेच केलं होतं.

दर सांगते, माझ्या वेळचे. नुसतं बघायचे दोनशे, काम दिलंत तर ते बिलात धरतात. विंडोज टाकायचे पाचशे, त्यात ड्रायव्हर आणि अपडेट होईपर्यंत ठेवून घेतात म्हणून त्याच दिवशी मिळेल असं धरू नका. डेटा कॉपी करायचा असेल तर हार्ड डिस्क तुमची तुम्ही न्या. जुनी एसएसडी काढली असेल तर तीही मागून घ्या, इथे पिशवीत घालून नाव लिहून परत देतात, सगळीकडे देत नाहीत.

जाताना चार्जर न्या, त्यांच्याकडे प्रत्येक पिनचा नसतो आणि बायोसला हात लावायचा तर बॅटरीवर करत नाहीत. मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड आठवत नसेल तर तो घरूनच रीसेट करून निघा, नाहीतर बिटलॉकरची की मागितल्यावर काउंटरवर उभं राहून ओटीपीची वाट बघावी लागते आणि त्या गाळ्यात माझ्या सिमला रेंज नव्हती, खाली जिन्यात येऊन उभी होते. सोमवारी बंद असतं. दुपारी एक ते चार पण बंद, डोंबिवलीच आहे ती, संध्याकाळी साडेपाचनंतर जा, तेव्हा मुलगी असते.